चौघींची होडी

परशरामपंतांना ती होडी म्हशींची गव्हाण करायला हवी होती. माझं डोकं फिरलं ते तिथून.

परशरामपंत म्हणजे आमच्या शहापुरातले सर्वांत जुने वकील आणि जलविहार मंडळाचे अध्यक्ष. कॅम्पातला एक साहेब विलायतेला परत जाताना आपल्या तीन होड्या मंडळाला देऊन गेला होता. लांब, निमुळत्या, दोन्ही टोकांना चोच काढलेल्या. साहेब त्यांना ‘कनू’ म्हणायचा. वल्हं होडीला बांधलेलं नसतं, ते दोन्ही हातांत धरून बाजूने पाणी मागे लोटायचं. दर मार्गशीर्षातल्या एका रविवारी मंडळाचे सभासद, म्हणजे वकील, मास्तर आणि कचेरीतली काही मंडळी, आगगाडीने खानापूरला जात आणि मलप्रभेवर होड्या घालत. होड्या दोनच पुरत. तिसरी पंतांच्या गोठ्यात पालथी पडून असे, आणि १९३६च्या आषाढात पंतांनी सुताराला बोलावणं धाडलं.

आणि बायका? बायका डबे घेऊन स्टेशनावरून बैलगाडीतून घाटावर जात. पहाटे उठून दशम्या करायच्या, दहीभात कालवायचा, घाटावर सतरंज्या अंथरायच्या आणि मंडळी भिजून, हसत, एकमेकांच्या पाठीवर थापा मारत आली की वाढायला उठायचं. तीन वर्षं मी हे केलं. मी मुलींच्या शाळेत भूगोल शिकवत होते. मलप्रभा कणकुंबीला उगवते आणि कृष्णेला मिळते, हे सातवीच्या मुलींकडून मी इतकं घोकून घेतलं होतं की त्या झोपेतही सांगतील. पण नदी मधोमध गेल्यावर कशी दिसते, हे मला स्वतःलाच ठाऊक नव्हतं. एका मुलीने विचारलं, “बाई, तुम्ही गेलाय का नदीत?” मी म्हटलं, “पाय धुवायला.” वर्ग हसला. मीही हसले, पण ते मला फार लागलं. त्या मुलींना एकदा तरी नदीतून न्यायचं, असं मी त्या दिवशी ठरवलं, आणि त्याला होडी हवी होती.

मी तडक पंतांकडे गेले. माझे यजमान उपेंद्र तिथेच बसले होते. ते मंडळाचे चिटणीस. लिहिताना नाव घ्यावंच लागतं, एरवी मी ‘अहो’च म्हणते. मी म्हटलं, “पंत, ती होडी गव्हाण करण्यापेक्षा आम्हा बायकांना द्या.” उपेंद्र आढ्याकडे पाहू लागले. बायको काही बोलली की त्यांना आढ्यात फार काम निघतं.

पंत काही वाईट माणूस नव्हते. ते आधी हसले आणि मग कागद ओढून बसले. अट कागदावर उतरवल्याशिवाय त्यांना अन्न गोड लागत नसे. त्यांनी लिहिलं ते असं. येत्या मार्गशीर्षात चार स्त्रियांनी असोग्याहून खानापूरच्या घाटापर्यंत होडी आणावी. चौघींनाही पोहता आलं पाहिजे. वाटेत कोणाही पुरुषाचा हात होडीस लागता कामा नये. हे जमलं तर होडी बायकांची, दर रविवारी. न जमलं तर होडी गोठ्यात, आणि हा विषय पुन्हा काढायचा नाही. खाली पंतांची सही, माझी सही, साक्षीदार म्हणून उपेंद्रांची.

‘असोग्याहून’ हा शब्द त्यांनी मुद्दाम घातला होता. मंडळ आजवर खानापूरच्या पुलाखालून निघून पुढच्या सपाट पात्रात फिरायचं. असोगा त्याच्या वरच्या अंगाला, तीन-साडेतीन मैलांवर. तिथून नदी खडकांतून वळणं घेत येते, आणि मंडळातलं कोणीच त्या वाटेने होडीतून गेलेलं नव्हतं. बायका घाबरून आपणच माघार घेतील, असा तो बेत.

“आम्हीही यंदा असोग्याहूनच निघू,” पंत म्हणाले. “नाहीतर बरं दिसायचं नाही.”

आता चौघी कुठून आणायच्या? एक मी. दुसरी कल्याणी, आमच्या शेजारच्या शरद मास्तरांची बायको. पालीला घाबरणारी, पण शब्दाला पक्की. तिसऱ्या जयाबाई, उपेंद्रांच्या आत्या. पन्नाशी उलटलेल्या, अंगाने भरदार, जिभेने त्याहून. त्या आपणहून म्हणाल्या, “मी येणार. का, ते विचारू नकोस.” तिघींपैकी एकीलाही पोहता येत नव्हतं, निदान मला तसं वाटत होतं.

अनगोळची अक्काताई आमच्याकडे रोज दूध घालायची. तिने हे ऐकलं, दुधाची घागर खाली ठेवली आणि कमरेवर हात ठेवून हसली. “पवायला काय शिकवायचं असतंय व्हय, मास्तरीणबाई? इहिरीत ढकलायचं. आपसूक येतंय.”

आणि खरंच तिने आम्हाला ढकललं. श्रावणापासून कार्तिकापर्यंत दर गुरुवारी दुपारी आम्ही तिच्या मळ्यातल्या विहिरीवर जात होतो. तिचा नवरा यल्लाप्पा मोटेचे बैल सोडून लांब शेताच्या बांधावर जाऊन बसायचा. पाठीला वाळका भोपळा, लुगड्याचा कासोटा घट्ट, आणि वरून अक्काताईचा आवाज, “पाय मारा की! पानी काय खातंय व्हय तुमास्नी?” कल्याणीने पहिल्या दिवशी पायरी सोडली नाही. दुसऱ्या दिवशी सोडली ती रडतच. मी चार आठवडे भोपळ्याला मिठी मारून होते. आत्याबाईंना मात्र भोपळा लागलाच नाही. त्या पाण्यात उतरल्या, उताण्या झाल्या आणि डोळे मिटून तरंगत राहिल्या. म्हणाल्या, “माझं माहेर कृष्णाकाठचं. आठव्या वर्षी लग्न झालं, आणि त्यानंतर मला पाण्यात कोणी जाऊ दिलं नाही.” का यायचं होतं, ते मला तेव्हा कळलं.

चौथी कोण, हा प्रश्न अक्काताईनेच सोडवला. “कागदात चार बायका लिवलंय न्हवं? मग मी काय बाप्या हाय?” पंतांनी कागद दोनदा वाचला. ‘सभासदांच्या घरच्या स्त्रिया’ असं लिहायला ते विसरले होते. एवढे मोठे वकील, पण बायकांच्या कागदाला कोण एवढं बारकाईने लिहितं?

पोहणं आलं, पण वल्हवणं येईना. यल्लाप्पाने गाडीवर घालून होडी अनगोळच्या तळ्यावर नेली. आम्ही चौघी बसलो आणि होडी जागच्या जागी गरगर फिरायला लागली. वल्ह्यावर वल्हं आपटायचं. माझं कल्याणीच्या कोपराला लागलं, तिचं आत्याबाईंच्या पाठीत. काठावर म्हशी धुणारी माणसं हातातलं काम टाकून बघत बसली. तीन गुरुवार असेच गेले. तिसऱ्या गुरुवारी मी वल्हं फेकून दिलं आणि म्हटलं, “गव्हाणच करा तिची.”

आत्याबाईंनी मला ओरडू दिलं. मग म्हणाल्या, “दोघीजणी एका उखळात कांडतो, तेव्हा मुसळं कशी आपटत नाहीत गं?”

मी विचार केला. “आपण बघतो.”

“मुळीच नाही. बघितलं की आपटलंच म्हणून समज. आपण दुसरीचा श्वास ऐकतो. ती हूं करते, आपण आपला वेळ धरतो. इथेही तेच. फक्त तिथे आळीपाळीने, इथे एकदम.”

आणि अक्काताई मागून म्हणाली, “मग करा की हूं, आत्याबाई. आमी हाय मागनं.”

आत्याबाईंनी हूं केलं. चार वल्ही एकदम पाण्यात गेली आणि होडी सुईसारखी सरळ निघाली. म्हशीवाल्यांचं हसू थांबलं. मी आयुष्यात पुष्कळ बक्षिसं घेतली आहेत, पण त्या एका ‘हूं’ची सर कशालाच नाही.

ठरलेल्या रविवारी सकाळी असोग्याला रामलिंगाचं दर्शन घेऊन सगळे पाण्याशी उतरलो. मंडळाची पहिली होडी पुढची तयारी करायला आधीच निघून गेली होती. दुसरीत पंत, शरद मास्तर आणि उपेंद्र. पुढच्या टोकाला बसायचा मान अध्यक्षांचा, त्यामुळे सर्वांत जड माणूस नाकावर बसला आणि होडीचं नाक पाण्यात गेलं. मानाच्या जागेवरून उठा असं पंतांना कोण सांगणार? आमच्याकडे अक्काताईने भाजीच्या पाट्या मांडाव्या तसं आम्हाला मांडलं. पुढे हलकी कल्याणी, मग मी, मग आत्याबाई, आणि मागे दिशा धरायला ती स्वतः.

“घाटावर भेटू,” पंत पाण्यावरून ओरडले. “भेटलो तर.”

ते लगेच पुढे गेले. तिघे तीन तऱ्हेने वल्हवत होते, पण जोर होता. आम्ही आमच्या चालीने निघालो. हूं, आणि पाणी मागे. हूं, आणि पाणी मागे. मी पहिल्यांदा नदीच्या मधोमध होते. काठावरून नदी वाहताना दिसते, पण मध्ये गेलं की काठच वाहायला लागतात. करंजाची झाडं, धुण्याचे दगड, एक वासरू, सगळं मागे मागे. हे मला कुठल्याच पुस्तकाने सांगितलं नव्हतं. माझ्या डोळ्यांना पाणी आलं आणि मी ते पुसलं नाही, कारण हात मोकळा नव्हता.

दीड मैलावर पहिला खडकाळ भाग लागला. अक्काताई मागून “डावीकडं दाबा” म्हणाली, आम्ही दाबलं आणि दोन दगडांमधून पार झालो. कल्याणी इतकी घाबरली होती की घाबरायची राहून गेली. पुढे नदी उजवीकडे वळत होती. पात्र अरुंद, पाण्याला ओढ, आणि खाली काळा डोह. त्या वळणावर पंतांची होडी आमच्यापासून शंभर हातांवर होती.

वळणावर, उंच दरडीवर, रवळनाथाचं देऊळ आहे. झाडीतून ते एकदम समोर आलं. पांढरं शिखर, त्यावर भगवं निशाण.

आणि पंतांच्या होडीतल्या तिघांनीही हात जोडले.

त्यात त्यांची चूक काय म्हणू? आमच्याकडे देऊळ दिसलं की हात आपोआप जोडले जातात, गाडीत असो नाहीतर टांग्यात. जन्माची सवय. पण टांगा हाकायला टांगेवाला असतो. इथे तीन वल्ही एकाच वेळी सुटली, तिघेही एकाच वेळी देवळाच्या बाजूला वाकले, आणि होडीने त्यांच्याहून खाली वाकून नमस्कार केला.

देऊळ आम्हालाही दिसलं. पण कमरेवर एक घागर आणि डोक्यावर दुसरी घेऊन रोज देवळावरून जाणारी बाई हात कुठून जोडणार? ती डोळ्यांनी नमस्कार करते. आम्हीही तेच केलं. पापण्या मिटल्या, उघडल्या, आणि आत्याबाईंचं हूं चुकलं नाही.

डोळे उघडले तेव्हा समोर पालथी होडी होती आणि दोन डोकी. शरद मास्तर हात मारत पलीकडच्या काठाला निघाले होते. उपेंद्रांनी एका खडकाला धरलं होतं. तिसरं डोकं वर आलं, “अहो” म्हणालं आणि परत खाली गेलं. जलविहार मंडळाच्या अध्यक्षांना पोहता येत नव्हतं. आम्हा चौघींनाही पोहता आलं पाहिजे, असं स्वतःच्या हाताने लिहिणाऱ्या माणसाला.

खोटं कशाला बोलू? मला कागद आठवला. ते आमच्या होडीला धरणार आणि पुरुषाचा हात लागणार. चार महिन्यांची विहीर, तीन गुरुवारांची फजिती, सातवीचा वर्ग, सगळं त्या एका हाताखाली बुडणार. माझं वल्हं क्षणभर थांबलं. त्याची मला आजही लाज वाटते.

“मास्तरीणबाई, वल्हं मारा!” अक्काताई गरजली. ती अशी ओरडलेली मी विहिरीवरही ऐकली नव्हती. “अट गेली चुलीत. मानूस मरतंय.”

मी वल्हं मारलं. इतक्या जोरात की पुढे बसलेल्या कल्याणीचा अंबाडा भिजला. आम्ही ओढीतून आडव्या निघालो, आत्याबाईंचं हूं आता आरोळीसारखं येत होतं, आणि डोकं तिसऱ्यांदा वर आलं ते नेमकं आमच्या होडीपाशी. अक्काताईने आपलं वल्हं त्यांच्या पुढ्यात धरलं आणि ओढून त्यांना मागच्या टोकाशी आणलं.

“होडीचा काठ धरा आप्पा, गच्च धरा. वर चढू नगासा, न्हायतर पाच जनं बुडू.”

पंतांनी धरला. दोन्ही हातांनी. त्या ओझ्याने होडी जड झाली आणि डोह आम्हाला खडकाकडे खेचू लागला. तिथे दोन्ही बाजूंना उभी दरड, उतरायला जागा नाही. वाळू दिसत होती ती वळणापुढे, दोन फर्लांगांवर. आम्ही ओढत नेलं. खांदे भरून आले, तळहात सोलले. कल्याणी रडत होती आणि वल्हवत होती, आणि दोन्हींत तिचा ताल पक्का होता. वाळूला होडी लागली तेव्हा आम्ही चौघींनी एकदम मागे वळून बघितलं. पंत होते. टोपी नव्हती, उपरणं नव्हतं, चपला नव्हत्या, पण पंत होते.

शरद मास्तर आणि उपेंद्र ओल्या धोतरांनी काठाकाठाने चालत आले. त्यांची होडी दूर एका झाडाच्या मुळांत अडकलेली दिसत होती. पंतांना काट्याकुट्यांतून अनवाणी चालवेना. आत्याबाई म्हणाल्या, “बसा मध्ये. हात मांडीवर ठेवा. कशालाही लावू नका.” पंत मुकाट्याने बसले. राहिलेला दीड मैल आम्ही त्यांना तसंच आणलं, आणि बारा वाजायच्या आत खानापूरच्या घाटाला होडी लावली.

घाटावर ही गर्दी. पहिल्या होडीतली मंडळी, यल्लाप्पा, धुणं धुणाऱ्या बायका, आंघोळीला आलेले गावकरी. चार बायका वल्हवतायत आणि मध्ये शहापूरचे सर्वांत जुने वकील भिजलेल्या मांजरासारखे बसलेत, हे बघून धुणं थांबलं. कोणीतरी टाळी वाजवली आणि मग सगळ्याच बायकांनी वाजवली.

शरद मास्तर आणि उपेंद्र मागून पोहोचले आणि मास्तरांनी खोकून घसा साफ केला. “कागदाप्रमाणे पाहिलं, तर होडीला हात लागलाय, पंत. म्हणजे...” पुढचं ते बोलले नाहीत, कारण कल्याणी त्यांच्याकडे बघत होती.

कायद्याने ते खरं होतं.

पंत घाटाच्या पायरीवर उभे राहिले. अंगातून पाणी निथळत होतं, पण आवाज कोर्टातला होता. “साक्षीदार कोण आहे? उपेंद्र. तुम्ही काय पाहिलंत ते सांगा.”

मी उपेंद्रांकडे पाहिलं. इथे वर आढं नव्हतं, नुसतं आभाळ होतं. त्यांनी सरळ माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, “चार बायकांनी होडी आणली. आणि सोबत एक माणूसही जिवंत आणला.”

लग्नाला आठ वर्षं झाली होती. त्यांच्यावर माझा जीव होता, पण गर्व वाटला तो त्या दिवशी.

“अट मोडली हे खरं,” पंत म्हणाले. “पण मोडली मी. अट मोडणाऱ्याला तिचा फायदा द्यायचा, असं मी एकेचाळीस वर्षांच्या वकिलीत कधी मागितलं नाही, आज मागणार नाही. होडी या चौघींची. दर रविवारी, आणि शाळेच्या मुलींना न्यायची तर हव्या त्या वारी. चिटणीस, लिहून घ्या. आणखी एक. पोहता येत नसेल त्याने होडीत बसू नये, हा नियम आजपासून सभासदांनाही लागू. पहिलं माझं नाव कमी करा.”

मग ते अक्काताईकडे वळले. हा माणूस कुणाकडे काही मागताना मी पाहिलेला नव्हता. “बाई, मी साठीचा आहे. आता येईल का मला?”

“यील की,” अक्काताई म्हणाली. “बेस्तवारी या आमच्या इहिरीवर. आमचं मालक हाईत, ते ढकलत्यात.”

घाट हसला. पंतही हसले. गाडीपाशी सतरंज्या पडल्या होत्या आणि मंडळी भुकेने कासावीस होऊन त्यांच्यावर बसायलाही लागली होती. कल्याणी सवयीने पदर खोचून होडीतून उतरायला उठली. वाढायची वेळ झाली होती ना.

“बस खाली,” आत्याबाई म्हणाल्या. “डबे तिथेच आहेत, हात त्यांनाही आहेत.”

कल्याणीने एकदा नवऱ्याकडे पाहिलं, एकदा नदीकडे, आणि बसली. अक्काताईने वल्ह्याने पायरीला रेटा दिला. आत्याबाईंनी हूं केलं. होडी घाटापासून सुटली आणि पुलाच्या कमानीखालून पलीकडे निघाली, जिथे आम्हाला कोणी जायला सांगितलं नव्हतं आणि जिथून कोणी परत बोलावणार नव्हतं. मी आनंदाने ओरडले. शाळेतली बाई, भर घाटावर, सगळ्या गावादेखत. आणि मला मुळीच लाज वाटली नाही.